खालची रेघ

निर्मला गेल्याचा फोन आला तेव्हा मी फाटकाशी उभा राहून दूधवाल्याशी हुज्जत घालत होतो. फोन तिच्या यजमानांचा होता. प्रभाकरराव दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. "सर, निर्मला गेली. चहाचं आधण ठेवलं आणि खाली बसली... ॲम्ब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं." हृदयविकार. दुपारी, आता हे ज्यात छापलं जात आहे त्याच पुरवणीच्या कचेरीतून फोन आला. ज्येष्ठांना मोबाइल आणि संगणक समजावून सांगणारं तिचं सदर आपण सगळे वाचत होतो, तेव्हा तिच्यावर श्रद्धांजलीची चौकट येणार हे उघडच होतं. "सर, त्या आधी तुमच्याकडे संशोधनात होत्या ना? चार ओळी द्या, तासाभरात." मी अर्ध्या तासात दिल्या. 'अत्यंत कुशल हातांच्या संशोधन सहायक. संगणक क्षेत्राच्या ओढीने त्यांनी प्रयोगशाळा सोडली याची आम्हाला कायम खंत राहिली.' यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं खोटं आहे, आणि ते मी तीस वर्षं इतक्या वेळा बोललो आहे की लिहिताना पेन क्षणभरही थांबलं नाही. ती चौकट छापून आली, लोकांनी हळहळ व्यक्त केली, एकाने तर मला फोन करून सांगितलं, "काय करणार हो, त्या आयटीने सगळी चांगली माणसं नेली." मी 'हो ना' म्हणालो. त्या 'हो ना'चाच मला आता कंटाळा आला आहे. माझं वय ऐंशीच्या पुढे गेलं आहे, आणि हे दुरुस्त करायला माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

निर्मला यवतमाळकडची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एम.एस्सी. होऊन पुण्यात आली आणि माझ्या हाताखाली संशोधन सहायक म्हणून लागली. आमचा विषय दुखणं. म्हणजे जखमेचं दुखणं नव्हे. जखम भरते, त्याबरोबर ते जातं. आम्ही ज्याच्या मागे होतो ते दुखणं मज्जातंतूलाच इजा झाल्यावर सुरू होतं आणि इजा भरून आली तरी थांबत नाही. मधुमेह्यांच्या तळपायाची आग, नागीण बरी झाल्यावरही महिनोन् महिने राहणारा जाळ, हे त्याचेच प्रकार. साधा वारा लागला तरी अशा माणसाला चटका बसतो. हे समजून घ्यायला आम्ही पांढऱ्या उंदरांच्या मांडीतल्या मोठ्या मज्जातंतूभोवती, म्हणजे नसेभोवती, दोऱ्याच्या सैल गाठी मारायचो. गाठ आवळली तर नस मरते आणि दुखणंच उरत नाही, फार सैल सोडली तर काहीच होत नाही. माझ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना हे वर्षभर जमायचं नाही. निर्मलाला तिसऱ्या आठवड्यात जमलं. मी विचारलं, कसं काय? तर म्हणाली, "दुखणं जिवंत ठेवाचं असंन तर हात हलका पाहिजे न जी सर." मग त्या उंदरांना जाळीवर ठेवून खालून नायलॉनचा बारीक धागा पंजाला टेकवायचा. धडधाकट उंदराला त्याचं काही वाटत नाही. नस दुखावलेला उंदीर पंजा झटकन उचलून चाटत बसतो. हे करायला माणसाकडे विलक्षण सोशिकपणा लागतो, कारण उंदीर शांत होईपर्यंत धागा धरून थांबावं लागतं. ती थांबायची.

त्या काळातली प्रयोगशाळा आजच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर येणार नाही म्हणून सांगतो. उदारीकरण झालं होतं, पण ते आमच्या कपाटापर्यंत पोहोचायचं होतं. हातमोजे परदेशी असायचे आणि खोकं संपलं की दुसरं यायला महिने लागत. म्हणून मीच नियम केला होता. नवे मोजे वरिष्ठांनी घालायचे, नंतर ते धुऊन, पावडर लावून, खिडकीतल्या दोरीवर वाळवून सहायकांनी वापरायचे. दोरीवर ते पंजे लोंबत असायचे. आरएनए वेगळा करून पाहण्याचा टँकसुद्धा आम्ही बुधवार पेठेत, दारावरच्या पाट्या बनवणाऱ्या एका कारागिराकडून ॲक्रिलिकचा करून घेतला होता. निर्मला मोजमापं घेऊन गेली. तो म्हणाला, "ताई, यात मासे ठेवणार का?" ती म्हणाली, "हो, पण दिसत नाहीत असे." त्याने जाताना तिला उरलेल्या ॲक्रिलिकवर 'हात लावू नये' अशी पाटी फुकट कोरून दिली. ती आमच्या फ्रीजवर बरीच वर्षं होती.

आरएनए म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही. पेशीच्या केंद्रात जनुकांचा मोठा ग्रंथ असतो. त्यातल्या हव्या त्या मजकुराची चिठ्ठी करून बाहेर पाठवली जाते आणि त्या चिठ्ठीबरहुकूम प्रथिनं बनतात. ही चिठ्ठी म्हणजे आरएनए. ती भलतीच नाजूक. माणसाच्या त्वचेवर, घामात तिचे तुकडे करणारी द्रव्यं असतात, म्हणून आरएनएचं काम करणाऱ्याचे हात निर्मळ लागतात. नमुना टँकमधल्या जेलीतून विजेच्या प्रवाहाने चालवला की मोठ्या चिठ्ठ्या वर राहतात, तुटके तुकडे तळाला जातात. मग हवी ती चिठ्ठी शोधायला किरणोत्सारी खूण केलेला तुकडा सोडायचा आणि एक्स-रेच्या फिल्मवर काळी रेघ उमटते का ते पाहायचं. तळाशी जे काही दिसेल तो कचरा, असं आम्ही सगळेच धरून चालायचो. फिल्म अहवालात चिकटवताना कटरवर ठेवून खालची बोटभर पट्टी कापून टाकायची, ही आमची रीतच होती. मी तसंच शिकलो होतो, तसंच शिकवत होतो.

निर्मलाला त्या बोटभर पट्टीत एक रेघ दिसली. दुखावलेल्या नसेशी जोडलेल्या, मणक्याशेजारच्या चेतागाठींचे, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांचे, नमुने होते. धडधाकट बाजूला रेघ ठळक, दुखऱ्या बाजूला फिकट, आणि सात दिवसांनंतरच्या नमुन्यात आणखी फिकट. तिने वापरलेला खुणेचा तुकडा जरा जास्त लांब होता, नेहमीच्या चिठ्ठीबाहेरचाही भाग त्यात आला होता. योगायोगच म्हणायचा. तिने तीनदा करून पाहिलं आणि तिन्ही फिल्म घेऊन माझ्या टेबलाशी आली. त्या आठवड्यात आमचा निबंध परदेशी नियतकालिकाला जायचा होता. मला हवी होती ती वरची रेघ, स्वच्छ, देखणी. मी म्हणालो, "तुटका माल आहे तो. काप आणि चिकटव." तिने फिल्म खिडकीशी धरली. "सर, ही वरची रेघ पाहा न. धारदार आहे. माल तुटला असता तर आधी हीच विरली असती. आणि तुटला तर दोन्हीकडं सारखाच तुटंन, दुखऱ्या बाजूलेच काऊन कमी होईन?"

तिचा मुद्दा बिनतोड होता. हे मला त्या क्षणी कळलं, आज कळलं असं नाही. पण आजूबाजूला चार-पाच विद्यार्थी काम थांबवून ऐकत होते, आणि पीएच.डी. नसलेली, 'का'ऐवजी 'काऊन' म्हणणारी एक मुलगी मला माझाच विषय शिकवत होती. मी म्हणालो, "बाई, आधी हात धुवायला शिका. मग आम्हाला शिकवा." सगळे हसले. ती फिल्म घेऊन गेली आणि खरोखरच बेसिनशी जाऊन हात धुऊ लागली. तेवढ्यात माझ्या एका हुशार विद्यार्थ्याने तिच्याच वऱ्हाडी ढंगात हाक मारली, "निर्मलाताई, काय करून राहिल्या?" आणि दुसऱ्याने उत्तर दिलं, "हात धुऊन राहिल्या." पुढे कित्येक महिने हा विनोद चालला. चहाच्या वेळी, सेमिनारला जाताना. मी तो थांबवला नाही. उलट एकदोनदा हसलोही असेन. तिला धुतलेले जुने मोजे द्यायचे आणि वर तिच्याच हातांना नावं ठेवायची, यातली विसंगती माझ्यासारख्या विज्ञाननिष्ठ म्हणवणाऱ्या माणसाच्या लक्षात येऊ नये, याचा आज संताप येतो. पण खरं सांगायचं तर लक्षात आली होती.

फिल्म तिने कापली नाही. मी कापली. निबंध गेला, छापून आला.

त्यानंतर काही दिवसांनी ती एकदाच बोलली. "सर, एक विनंती आहे. या वेळी नमुना तुम्ही स्वतः काढा. गाठी तेवढ्या मी मारते. पुढं माझा हात लागणारच नाही. तुमच्या हातानं रेघ नाही आली, तर माझेच हात घाण होते असं मी सगळ्यांसमोर म्हणीन." मी म्हणालो, "बघू." दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी तिने राजीनामा दिला. तेव्हा गल्लोगल्ली संगणकाचे वर्ग निघाले होते. सन दोन हजार उजाडताना सगळे संगणक गोंधळणार म्हणून माणसं हवी होती, अगदी कुणालाही घेत होते. स्वारगेटजवळच्या अशाच एका वर्गात तिने नाव घातलं होतं. राजीनाम्यात कारण 'वैयक्तिक' असं लिहिलं होतं. 'संगणक क्षेत्राची ओढ' हे मी घातलं. विचारणाऱ्यांना ते लगेच पटायचं, कारण त्या वर्षांत पुण्यात प्रत्येक घरातून कुणीतरी तिकडेच चाललं होतं.

आता जे लिहितो आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत एकटा गेलो. तिने गाठी मारलेले शेवटचे उंदीर पिंजऱ्यात होते. नव्या खोक्यातले कोरे हातमोजे घालून मी स्वतः चेतागाठी काढल्या, स्वतः आरएनए वेगळा केला, पाणीसुद्धा स्वतः उकळलं. चौथ्या दिवशी डार्करूममध्ये फिल्म धुतली. लाल दिव्याखाली आधी वरची रेघ आली. मग खालची. धडधाकट बाजूला ठळक, दुखऱ्या बाजूला फिकट. अगदी तिच्या फिल्मसारखी... छापलेलं काही मागे घ्यायची गरज नव्हती. वरची रेघ खरीच होती. लहान तुकडे नीट पाहता येतील असा एक वेगळा प्रयोग लावायचा होता, आणि तो लावायचा तर निर्मलाला परत बोलवावं लागलं असतं. हसणाऱ्या त्या सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं की हिचे हात स्वच्छ होते. अडलं ते तेवढ्यावर. मी फिल्मची खालची पट्टी कापली. फेकली मात्र नाही. पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवली.

पुढे काही वर्षांतच जगाला कळलं की तळातला तो कचरा सगळाच कचरा नसतो. बावीसेक अक्षरांचे इवलेसे आरएनए पेशीत मुद्दाम तयार केले जातात. त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. ते स्वतः कुठलंच प्रथिन बनवत नाहीत. ते मोठ्या चिठ्ठीवर जाऊन बसतात आणि ती वाचूच देत नाहीत. नस दुखावली की चेतागाठींतले काही मायक्रोआरएनए कमी होतात, काही वाढतात. जे कमी होतात ते ज्या चिठ्ठ्या दाबून ठेवत होते त्या मोकाट सुटतात. मग नसेला उगाच पेटती ठेवणारी प्रथिनं जास्त बनतात, सूज आणणारी द्रव्यं झरत राहतात, आजूबाजूच्या पेशीही चवताळतात, आणि जखम भरल्यावरही दुखणं बसून राहतं. यावर आता खूप काम चालू आहे. मी निवृत्त होईपर्यंत त्यावर भाषणं दिली. भाषणात एक वाक्य हमखास असायचं. "आम्हीही खालची पट्टी कापून फेकत होतो, सगळेच फेकत होते." श्रोते हसायचे. 'आम्ही' आणि 'सगळेच' या दोन शब्दांच्या मागे मी किती आरामात लपत होतो!

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. निर्मलाने मायक्रोआरएनए शोधला होता असा दावा मी करत नाही. तिची रेघ नेमकी कशाची होती हे मला आजही माहीत नाही. दुसरंही काही असू शकेल. ते ठरवायला जे करायला हवं होतं, तेच मी होऊ दिलं नाही. त्यामुळे तिचं श्रेय तिला देण्याचीही सोय मी ठेवलेली नाही, आणि माझी सगळी चिडचिड इथे येऊन अडते.

शेवटची भेट या उन्हाळ्यातली. तिला नागीण झाल्याचं कळलं म्हणून मी विश्रांतवाडीला तिच्या घरी गेलो. फोड जाऊन तीन महिने झाले होते, पण डाव्या बरगडीवर दुखणं तसंच होतं. एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद. गाऊनचं कापड अंगाला लागू नये म्हणून तिने चिमटीत धरून पुढे ओढलेलं. मी दारात दिसताच म्हणाली, "या सर. आता मीच तुमचा उंदीर. धागा आणला का?" तीस वर्षं पुण्यात राहून तिची भाषा पुण्याची झाली होती, टोमणाही. मी गोळ्यांची चौकशी केली. "गोळ्यांनी झोप येते. झोपेत दुखतं," म्हणाली. मग विचारलं, "सर, त्या उंदरांचं पुढे काय व्हायचं हो? आपण दोन-तीन आठवड्यांत मारून टाकायचो. कुणी बरं होतं का, हे आपण कधी पाहिलंच नाही." मी नव्या संशोधनाबद्दल बोलू लागलो, मायक्रोआरएनएबद्दल, सुजेबद्दल. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे ब्रेकच निघून जातो म्हणा. औषध?"

"अजून नाही. प्राण्यांवर चालू आहे."

"मग ठीक आहे, मी रांगेत आहेच." तिने पाठीमागची उशी सरळ केली. ती म्हणाली, "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बरं होतं सर. मी टेस्टिंगला होते. तिथे चूक दाखवली की शाबासकी मिळायची." मी हसल्यासारखं केलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी सहज. "सर, तेव्हा तुम्ही स्वतः एकदा करून बघणार होतात. केलंत का कधी?"

पाकीट घरी खणात होतं. उत्तर जिभेवर होतं. मी म्हणालो, "नाही गं... राहूनच गेलं."

"हं," ती म्हणाली. "राहतं." आणि कापड दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरलं.

ती गेल्यावर दहाव्या दिवशी मी पाकीट खिशात घालून प्रभाकररावांकडे गेलो. तिची मुलगी पल्लवी खराडीच्या कंपनीतून रजा घेऊन आली होती. बेसिनवर एक नखं घासायचा ब्रश होता, एका बाजूने पार झिजलेला. पल्लवी म्हणाली, "काका, ॲक्च्युअली तुम्हाला विचारायचंच होतं. आई कणीक मळायच्या आधीसुद्धा कोपरापर्यंत हात घासायची. चाळीस सेकंद, मी टायमर लावून बघितलंय. आम्ही तिला सर्जन म्हणायचो. ही लॅबची सवय ना?" प्रभाकरराव म्हणाले, "लग्न झालं तेव्हापासून. म्हटलं, तुम्ही सायंटिस्ट लोक फार स्वच्छ." मी चहा घेतला आणि निघालो. पाकीट खिशातच राहिलं.

तिथून आल्यावर हे सगळं लिहून काढलं. छापायला देण्याआधी त्या दोघांना दाखवणं भाग होतं, म्हणून गेल्या रविवारी पुन्हा विश्रांतवाडीला गेलो आणि वाचून दाखवलं. 'हात धुऊन राहिल्या' इथे प्रभाकररावांनी चष्मा काढला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आलो तेव्हा मी पट्टी पाकिटातून काढून पल्लवीच्या हातात दिली. तिने ती गॅलरीच्या उजेडात धरली. इतक्या वर्षांनी फिल्म पिवळट झाली आहे, पण रेघ दिसते. एका बाजूला ठळक, एका बाजूला फिकट. वाचून संपल्यावर प्रभाकररावांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "छापा. पण हे तिला सांगायचं होतं, सर. एप्रिलमध्ये ती तुमच्यासमोर बसली होती."

मी रिकामा कप घेऊन उठलो आणि बेसिनशी गेलो. ब्रश अजून तिथेच होता, झिजलेली बाजू वर. तो बेसिनच्या अगदी काठावर आला होता, पडेल म्हणून मी आत सरकवायला गेलो.

"काका," पल्लवी मागून म्हणाली, "त्याला तुम्ही हात लावू नका."